टोपलीची जागा

"आधी तुम्ही फेका, प्राध्यापक," उत्तमराव म्हणाले.

मी हातातल्या पिवळ्या डिस्ककडे पाहिलं आणि मग समोरच्या जंगलाकडे. पाइनची उंच झाडं, खाली ओलसर शेवाळ, त्यातून गेलेली मोकळी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला लोखंडी खांबावर बसवलेली जाळीची टोपली. टोपलीवर साखळ्या लोंबत होत्या. डिस्क त्या साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली म्हणजे झालं. मग जंगलात आणखी आत, पुढची टोपली. ज्याला कमी वेळा फेकावं लागलं तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात तो एवढाच खेळ.

"मला नाही जमायचं," मी म्हणालो.

"काहून नाही जमणार? ताटली फेकायची आहे, भाला नाही. घरात रागानं कधी ताटली भिरकावली नाही का?"

"नाही."

"वहिनींनी?"

मी हात मागे नेला, डोळे जवळजवळ मिटले आणि फेकली. डिस्क पहिल्याच झाडावर खाडकन आपटली आणि उलटी येऊन उत्तमरावांच्या बुटांपाशी पडली.

"आवाज तर चांगला आला," ते म्हणाले. "कुठं गेली?"

ती त्यांच्या पायांशी होती. टोमणा कळला नाही असं दाखवून मी वाकलो आणि ती उचलली.

माझी नात ओवी पाच वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे. माझी मुलगी चारुता आणि जावई अनुज तेव्हा फिनलंडमध्ये, ताम्पेरे शहराच्या कडेला राहायचे, आणि त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेलो होतो. आमच्या हिच्या गुडघ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती चिपळूणला बहिणीकडे राहिली. मी पोचलो तेव्हा अनुजचे वडील, उत्तमराव गावंडे, आधीच आलेले होते. ते दर उन्हाळ्यात अकोल्याहून यायचे. मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. लायसन्ससाठी आलेल्या माणसाला दूरच्या गाडीचा नंबर वाचायला लावायचा आणि तो अडखळला की घरी पाठवायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मी कराडच्या कॉलेजात इतिहास शिकवला, आणि मागच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचतो की नाही, याची मला निवृत्तीपर्यंत खात्री झाली नाही.

शिवाय मी मुलीचा बाप. हल्ली असलं कोणी मानत नाही म्हणतात. मानत नसतीलही. लग्नात व्याहीभेटीच्या वेळी उत्तमरावांनी मला मिठी मारली तेव्हा मी हात जोडूनच उभा होतो, आणि माझे जोडलेले हात आमच्या दोघांच्या पोटांमध्ये अडकून बसले. पुढेही आमचं नातं साधारण तसंच राहिलं.

चारुता आणि अनुज सकाळी लवकर बसने कामाला जात. ओवीच्या जवळच्या पाळणाघराची इमारत दुरुस्तीला काढलेली होती, त्यामुळे तिला जंगलापलीकडच्या दुसऱ्या पाळणाघरात सोडावं लागे. ते काम उत्तमरावांनी हट्टानं अंगावर घेतलं होतं. "मी असताना पोर बसनं जाईल?" ते म्हणाले, आणि अनुजला त्यात आनंदच होता. ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याला लायसन्स दिलं त्याच्या हाती गाडी द्यायला कोण कचरेल? मागे ओवी, पुढे त्यांच्या शेजारी मी. तिला सोडलं की पाळणाघराजवळच असलेल्या या मैदानावर यायचं, तास-दोन तास डिस्क फेकायच्या आणि घरी जायचं. दुपारी पुन्हा ओवीला आणायला.

गाडीत त्यांचा आणि ओवीचा एक खेळ चालायचा.

"ओवीबाई, दिवा कोणता?"

"लाल, आजोबा."

"आता?"

"अजून लाल. थांबा ना. हिरवा."

"शाब्बास. प्राध्यापक, तुम्ही पाट्या वाचा. भाषा शिकाल."

मी ती लांबलचक नावं चाचरत वाचायचो, ओवी मागे खिदळायची. मला वाटायचं, नातीला हसवायला त्यांना माझा उपयोग होतो आहे. होऊ दे.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. उत्तमराव माझ्याकडे बघून बोलत नसत. माझ्या कानाकडे बघत, नाहीतर खांद्यावरून मागे. लग्नात हा माणूस सरळ डोळ्यांत बघून बोलला होता, ते मला नीट आठवत होतं, कारण तेव्हा नजर मी चुकवली होती. इतकी वर्षं वर्गात उभं राहिल्यावर मला दुसरं काही नसेल, पण एवढं कळत होतं, की जो मुलगा डोळ्याला डोळा देत नाही त्याच्या बाकाखाली काहीतरी असतं.

काय असेल? व्याह्यानं व्याह्यापासून लपवण्यासारखं असं काय असतं? मुलीच्या बापाला एकच उत्तर सुचतं, आणि ते मला पहिल्याच आठवड्यात सुचलं. चारुता आणि अनुजचं काहीतरी बिनसलं आहे आणि ते यांना माहीत आहे.

मग तो फोन झाला.

माझी डिस्क ब्लूबेरीच्या झुडपांत गेली होती. मी गुडघाभर झुडपांत उभा राहून ती शोधत होतो. उत्तमराव पट्टीवर उभे राहून अकोल्याला बायकोशी बोलत होते. मी मान वर केली तर ते सरळ माझ्याकडे तोंड करून उभे, मध्ये एकही झाड नाही.

"मी इथून निघेपर्यंत तोंडातून ब्र काढू नको," ते म्हणत होते. "अनुजले नाही. सूनबाईले नाही. आणि व्याह्यांना तर मुळीच नाही. त्यांना कळलं तर सगळं इथंच संपलं, समजलं का? निघून जाईल तेवढा उन्हाळा जाऊ दे."

त्यांनी आवाज खाली आणला नाही, नजर हलवली नाही. मी डिस्क शोधायची सोडून तसाच उभा राहिलो. माझ्या तोंडावर, मला दिसेल, ऐकू येईल असं ते बोलत होते, म्हणजे मला ऐकवायचंच असणार. चोरून ऐकलेलं असतं तर मी स्वतःची समजूत घातली असती. पण हे चोरीचं नव्हतंच.

त्या दुपारी मी हिला फोन केला.

"तुमच्याकडे बघत म्हणाले?"

"सरळ बघत."

"मग ते तुम्हाला काहीतरी सुचवतायत."

"काय?"

"ते मला इथे चिपळुणात काय कळणार? चारूला विचारा." मग म्हणाली, "नको, विचारू नका. तुम्ही विचाराल आणि भलतंच काहीतरी होऊन बसेल. आपण मुलीकडचे. डोळे उघडे ठेवा, तोंड मिटून ठेवा."

तोंड मिटून ठेवणं मला जड जात नाही. तरी दोन दिवसांनी चारुता ओट्याशी काकडी चिरत असताना मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"बाबा, भूक लागली का?"

"नाही. तू बरी आहेस ना?"

"मी? हो. का?"

"तुमचं दोघांचं..."

"आमचं दोघांचं काय?"

"काही नाही. काम फार असतं तुम्हाला."

ती हसली. तिनं गेल्याच आठवड्यात केस अगदी मानेपर्यंत कापले होते, आणि त्या केसांत ती लहानपणीसारखी दिसत होती.

"अनुजचे पप्पाच या वेळी जरा वेगळे वाटतात," ती म्हणाली. "एरवी मी नवी टिकली लावली तरी पहिले बोलतात. आता एवढे केस कापले, एक शब्द नाही. आवडले नसतील. तुम्हाला काही म्हणाले का?"

"नाही," मी म्हणालो, आणि खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसलो. ते पान मी त्या संध्याकाळी पुढे उलटलं नाही. सुनेकडे बघवतही नाही, इथवर आलं होतं तर.

ऑगस्ट उजाडला. इतक्या दिवसांत मला डिस्क सरळ फेकता येऊ लागली होती, आणि त्यातून नवीच अडचण उभी राहिली. मी जिंकायला लागलो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरलोच. दुसऱ्या दिवशी मुद्दाम झाडांत फेकली. तरी जिंकलो. उत्तमरावांची पहिली फेक अजूनही देखणी असायची, लांब, सपाट, नेमकी टोपलीच्या रोखानं. पण मग ते टोपलीपासून चार पावलांवर उभे राहायचे, मान वाकडी करून भलतीकडे बघायचे आणि तसंच बघत फेकायचे. कधी साखळ्या वाजायच्या, बहुतेकदा नाही. सरळ बघून फेकलं असतं तर ओवीनंही टाकली असती.

आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न. "कुठं गेली?"

"डावीकडे. त्या पडक्या ओंडक्यापाशी."

"आणा बरं. तुमची नजर तयार करतोय मी."

म्हणजे डिस्क आणून देण्याचं काम माझं, आणि जिंकणंही माझं. हा माणूस मुद्दाम हरत होता. व्याही, तोही मुलाचा बाप, मुलीच्या बापापुढे मुद्दाम का हरेल? ज्याच्यावर मोठा घाव घालायचा असतो, त्याला माणसं आधी गोडधोड वाढतात. मी जिंकलो की ते माझ्या खांद्यावर थाप मारायचे, "वा प्राध्यापक," म्हणायचे, माझ्या कानाकडे बघून. परत जायला तीन आठवडे राहिले होते. जायच्या आदल्या दिवशी हे मला बसवून सांगणार, असं मला वाटायला लागलं. कदाचित माझंच चुकत असेल, असंही वाटायचं. माझ्या वाटण्यावर मी कधीच फारसा विसंबलो नाही.

त्या सकाळी ओवीला सोडून आम्ही मैदानावर आलो तेव्हा आभाळ निरभ्र होतं. पहिल्या जागेवर उभा राहिलो आणि मला दिसलं, की टोपली नेहमीच्या ठिकाणी नाही. स्पर्धा असली की तिथले लोक टोपल्या हलवतात; जमिनीत दोन-तीन ठिकाणी लोखंडी नळ्या पुरलेल्या असतात, एकीतून खांब उपसून दुसरीत बसवतात. ती आता डावीकडे, एका मोठ्या दगडाजवळ होती. पूर्वीपेक्षा बरीच जवळ, पुरती उन्हात. साखळ्या नव्या भांड्यासारख्या चमकत होत्या.

"आज टोपली..." मी बोलायला लागलो.

"थांबा," उत्तमराव म्हणाले. "आज आधी मी. आज हात गरम आहे."

त्यांनी पाय रोवले, कमरेतून वळले आणि फेकली. त्या उन्हाळ्यातली त्यांची सगळ्यांत सुंदर फेक असेल ती. डिस्क पट्टीवरून तरंगत गेली, शेवटी अलगद डावीकडे झुकली आणि जिथे काल टोपली होती तिथे, मोकळ्या शेवाळावर, उतरली.

"कशी?"

"चांगली."

"साखळी नाही वाजली."

"नाही."

"किती राहिलं? हातभर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते. माझ्या मनात काय आलं ते सांगतो, ते शहाणपणाचं नव्हतं: ही परीक्षा आहे, असं मला वाटलं. व्याही दिवसाढवळ्या नसलेल्या टोपलीबद्दल विचारतो आहे आणि मुलीचा बाप त्याला खोटं पाडतो का, ते बघतो आहे.

"हातभर," मी म्हणालो.

ते खूश होऊन चालू लागले. मी माझी डिस्क न फेकताच मागोमाग गेलो. टोपलीशी पोचलं की तिच्या कडेवर हात टेकून उभं राहायची त्यांना सवय होती. त्या जागी आल्यावर त्यांनी तसाच हात पुढे केला. हाताखाली काही आलं नाही. त्यांनी हात थोडा उजवीकडे नेला, मग डावीकडे. एक पाऊल पुढे टाकलं आणि पुन्हा, हळूहळू, हवेत पोटाच्या उंचीवर, काहीतरी चाचपावं तसा तो हात फिरवला.

मला माझ्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी उशिरा समजल्या आहेत. ही मात्र एकदम समजली, आणि ती मैदानावरची नव्हती, गाडीतली होती. लाल, आजोबा. अजून लाल. थांबा ना.

"टोपली काढून नेली की काय?" उत्तमरावांनी हलक्या आवाजात विचारलं.

"हलवली आहे."

"कुठं?"

"डावीकडे. दगडापाशी."

त्यांनी तोंड तिकडे वळवलं. "हाव. दिसली."

"किती लांब आहे?"

इतका अवघड प्रश्न मी तोंडी परीक्षेतही कोणाला विचारला नव्हता. ते जवळच्या ओंडक्यावर बसले. बसण्याआधी त्यांनी तो ओंडका पायानं शोधला.

"दोन्ही डोळ्यांचं?" मी विचारलं.

"दोन्ही. मधलंच जातं. पडद्याचा मधला भाग खराब झाला म्हणतात. कडेचं दिसतं, म्हणून चालता येतं, भिंतीवर आपटत नाही. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसून जातं. तुमचा चेहरा मी या खेपेला पाहिलेला नाही, प्राध्यापक. कान मात्र दोन्ही पाठ आहेत."

"आणि तो फोन?"

"कोणता फोन?"

"वहिनींना केला होतात. व्याह्यांना कळू देऊ नको म्हणालात. माझ्याकडे बघून."

"तुम्ही तिथं होते?"

"समोरच. झुडपांत."

त्यांना हसू फुटलं, पोट धरून. "म्हणजे तुमच्यापासून काय लपवायचं ते मी तुमच्याच तोंडावर सांगत होतो."

"मला वाटलं, चारुताचं काही..."

"सूनबाईचं? तिचं काय व्हायचंय? सोन्यासारखी आहे." मग त्यांच्या लक्षात आलं. "एवढे दिवस तुम्ही हे घेऊन फिरत होते?"

मी मान हलवली, आणि ती त्यांना दिसली नसेल म्हणून "हो" म्हणालो. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेला दगड उतरला होता, पण तो खाली ठेवायलाही मला वेळ मिळाला नाही. गाडी पलीकडे झाडांखाली उभी होती. मागच्या सीटवर ओवीची लहान खुर्ची बांधलेली होती.

"उत्तमराव, गाडी आता चालवू नका."

"तीन आठवडे राहिले. मग मी आपल्या घरी. अनुजला कळलं तर तो मला एकट्यानं विमानात बसू देणार नाही, पुढल्या वर्षी येऊ देणार नाही, काठी आणून देईल, माणूस ठेवील. एवढा उन्हाळा निघू द्या. मी तुमच्यापुढे आजवर कशासाठी हात पसरला नाही."

"नाही पसरलात."

"मग? मुलीचे वडील तुम्ही. एवढं तरी माझं ऐकाल."

मी खाली बघत होतो. नऊ वर्षांत या माणसाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. लग्नाची तारीख त्यांची, हॉल त्यांचा, जेवणात आमटी गोड की तिखट तेही त्यांचंच. आणि प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, ठीक आहे, त्यानं काय बिघडतं.

"ओवी गाडीत असते," मी म्हणालो.

"तो रस्ता पाठ आहे मला. झाडन्झाड पाठ आहे."

"टोपलीही पाठच होती."

त्यांचा चेहरा बदलला. ते उठले. "आता मुलीचा बाप मुलाच्या बापाला गाडी शिकवणार," ते म्हणाले. "ज्याला स्वतःला सायकल धड येत नाही." आणि पट्टीच्या कडेकडेनं, नेहमीच्याच चालीनं, गाडीकडे चालू लागले.

मी मागून गेलो. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. किल्ली हिसकावून घेणारा माणूस मी नाही. आरडाओरडा करणाराही नाही. ते दार उघडून बसले, इंजिन सुरू झालं, खिडकीची काच खाली आली. मी माझ्या बाजूच्या दारापर्यंत गेलो, दाराला हात लावला, आणि मग तो काढून घेऊन पुढे चालत गेलो. गाडीपासून बराच पुढे, झाडांमधून रस्त्याकडे जाणारी वाट होती तिच्या मधोमध, मी वळून उभा राहिलो. अंगात करडा स्वेटर होता. मी नेमका त्यांच्या समोर होतो.

"बसा ना आता," उत्तमराव म्हणाले. ते माझ्या रिकाम्या सीटकडे तोंड करून बोलत होते. "रागावलो म्हणून काय झालं. बसा."

मी जागचा हललो नाही.

"मागं बसलात का? बसा तिथंच, राहा रुसून."

त्यांनी समोर पाहिलं. सरळ माझ्याकडे. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आमची नजर समोरासमोर आली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. गाडी निघाली. चाकांखाली खडी करकरली. आपला आवाज त्यांच्यापर्यंत पोचेल का, ही जुनी शंका अशा वेळीही आली.

"उत्तमराव," मी म्हणालो.

गाडी गचका खाऊन थांबली.

"कुठं आहात?"

"समोर."

"समोर कुठं?"

"तुमच्या समोर. वाटेत."

इंजिन चालू होतं. ते दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसले होते. त्यांनी मान किंचित उजवीकडे केली, मग डावीकडे, टोपलीपाशी करायचे तशी, आणि कडेच्या नजरेत मी कुठेतरी सापडलो असेन, कारण त्यांचा हात स्टीअरिंगवरून खाली घसरला. इंजिन बंद झालं. जंगलात एकदम शांत झालं.

मी चालत खिडकीपाशी गेलो.

"असा उमेदवार माझ्याकडे आला असता," ते म्हणाले, "तर मी त्याला फाटकाबाहेर घालवलं असतं." किल्ली त्यांनी काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि खिडकीतून बाहेर केली. मी ती घेतली आणि कोणत्या खिशात ठेवावी ते न कळून हातातच ठेवली.

ओवीला आणायची वेळ होईपर्यंत आम्ही तिथल्या बाकावर बसलो. मधे खायला म्हणून घरून आणलेली पोळी-भाजी खाल्ली. खेळायला आलेली दोन मुलं "मोई" असा तिकडचा नमस्कार करून पुढे गेली आणि लगेच साखळ्या वाजल्या.

"अनुजला मी सांगीन," उत्तमराव म्हणाले. "तुम्ही मधे बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"पण शेजारी बसा."

पाळणाघरापर्यंत चालत दहाएक मिनिटं लागली असतील. वाटेत मी काय करावं ते मला सुचेना. हात धरावा, तर त्यांना आवडेल का? शेवटी मी अर्धं पाऊल पुढे चालत राहिलो आणि जिथे मूळ वर आलेलं दिसेल तिथे "मूळ आहे" म्हणत गेलो. ते "हाव" म्हणायचे.

फाटकाशी इतर आईबाप उभे होते. आतल्या पायऱ्यांवर मुलं बूट घालत होती.

"आली का?"

"येतेय. बूट घालते आहे."

"प्राध्यापक."

"बोला."

"ती समोरून कशी दिसते आता?" ते फाटकाच्या लोखंडाकडे तोंड करून विचारत होते. "मागच्या साली पाहिली तेवढी माहीत आहे. यंदाची माहीत नाही. म्हणून तर आलो होतो लवकर, दिसतंय तोवर. पण मी यायच्या आतच गेलं."

मी जन्मभर न पाहिलेल्या माणसांची वर्णनं करत आलो. राजांची, सुभेदारांची, कोणी कोणाला कशी पगडी दिली त्याची. डोळ्यांसमोरच्या माणसाचं वर्णन कोणी मागितलं नव्हतं.

"खालचा एक दात पडलाय," मी म्हणालो. "दुसरा तिरका झालाय, तोही जाईल. गाल जरा उतरलेत, आता ते बाळाचे गाल नाहीत. एक शेंडी बांधलेली आहे, एक सुटलीय. हनुवटीवर ब्लूबेरीचा डाग आहे. हसली की डावा डोळा आधी बारीक होतो, उजवा मागून."

"कोणावर गेली आहे?"

मुलीच्या बापानं या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं ते ठरलेलं आहे.

"कपाळ तुमचंच आहे."

"खरं सांगा. आता तुम्हीच सांगितलं तर मला कळणार."

"सगळी आमच्या हिच्यावर गेली आहे," मी म्हणालो. "कपाळसुद्धा."

"वाटलंच होतं," उत्तमराव म्हणाले. "आवाजही तिकडचाच आहे."

खडीवर तिची पावलं वाजली आणि त्यांनी नेमका त्या बाजूला हात पुढे केला. ओवीनं तो धरला, मान उंच करून रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठंय?"

ते आधी बोलतील म्हणून मी थांबलो.

"आजोबांना नीट दिसत नाही, बेटा," ते म्हणाले. "आपण बसनं जाऊ."

ओवीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांचा धरलेला हात सोडला, त्यांना वळसा घालून रस्त्याच्या बाजूला गेली आणि तिकडून त्यांचा दुसरा हात धरला.